वैशालीच्या लग्नातली डावणी

"तुमची मुलगी काय करते?" असं कुणी विचारलं की माझी आई माझ्याआधी उत्तर द्यायची, "शरणपूर रोडवर बसून दिंडोरीतली पानं ओली आहेत का ते बघते." मला बघायला आलेल्या मंडळींसमोरसुद्धा ती हेच सांगायची. एका मुलाच्या वडिलांनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं होतं, "आणि ओली असली तर?" "तर फोन करते," आई म्हणाली. ते स्थळ काही पुढे सरकलं नाही. मला आईचा राग यायचा, पण तिच्या सांगण्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. दोन हजार सालानंतरची माझी सगळी नोकरी नाशिकमधल्या त्या रोडवरच्या ऑफिसात तशीच गेली. त्याआधी मी टीव्ही दुरुस्त करायचे, आणि लोक विचारायचे, "दुकानात कुणी माणूस नाही का?" तेव्हा पानं बरी.

ज्यांनी द्राक्षं फक्त खाल्ली आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. डावणी म्हणजे द्राक्षाच्या वेलीवर पडणारी बुरशी. ऑक्टोबरात बागेची छाटणी होते, नवी फूट येते, त्यातून इवलाले घड निघतात आणि फुलोऱ्यात येतात. नेमक्या त्या दिवसांत दव पडून पानं बराच वेळ ओली राहिली की ही बया पानात शिरते. शिरते तेव्हा काहीच दिसत नाही. काही दिवसांनी पानावर तेलाचा थेंब पडल्यासारखा डाग येतो, खालून पांढरं पीठ दिसतं आणि मग घड करपायला लागतात. ती शिरायच्या वेळी फवारलं तर उपयोग, नंतर डोक्याला हात लावून बसायचं. हे कळायचा मार्ग नव्हता म्हणून शेतकरी आपले उठसूट फवारायचे. आमची छोटीशी कंपनी म्हणायची, कधी फवारायचं ते आम्ही सांगतो.

त्यासाठी बागेत एक खांब रोवायचा. खांबावर हवेतला दमटपणा मोजणारी डबी आणि तळहाताएवढी एक चपटी पट्टी. ती पट्टी म्हणजे आमचं खोटं पान. तिच्यावर पाणी बसलं की वीज वाहायची आणि खरी पानंही ओली असणार असं आम्ही धरायचो. मातीत ओल मोजणारी सळई, आणि सगळ्यात वर पत्र्याच्या पेटीत कॅमेरा. हे सगळे बिनतारी एका डब्याशी बोलायचे, डब्यात मोबाइलचं सिमकार्ड, आणि तो डबा माझ्याशी बोलायचा. कॅमेरा रोज सकाळी वेलीचा एक फोटो पाठवायचा. तो पडद्यावर वरून खाली इतक्या निवांत उतरायचा की घड दिसेपर्यंत माझा चहा संपलेला असायचा.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. विंचूरकडच्या एका बागायतदारांना कॅमेरा कधी फोटो काढतो ते कळलं. त्या दिवसापासून ते रोज त्या वेळी इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून वेलीपुढे उभे. सबंध हंगामात आम्हाला घडांची वाढ दिसली नाही, मिशांची तेवढी दिसली. देवळ्याच्या एका कांदेवाल्यांकडे वेगळीच तऱ्हा. सळईने "जमिनीत ओल कमी" असा निरोप दिला की लगेच ओल भरपूर व्हायची आणि कांदे मात्र माना टाकायचे. जाऊन बघते तर त्यांची मंडळी तांब्याभर पाणी त्या सळईच्या डोक्यावर ओततेय! "तान लागली म्हनला ना त्यो," ती मलाच समजावून सांगू लागली. तिच्याशी काय भांडणार?

पण मला सांगायचंय ते नानांबद्दल. गाव दिंडोरी तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण त्या लग्नाला गेलेली निम्मी माणसं दिवाळी अंक वाचतात.

नाना म्हणजे बोलका माणूस. गावातल्या द्राक्षवाल्यांचा गट होता, त्याच्या बैठकीत बाकीचे यायचे आणि नाना बोलायचे. मशीन घेऊया म्हणून त्यांनीच सगळ्यांना पटवलं. खांब नानांच्या बागेत, पण इशारा सगळ्या गावाला, असं ठरलं. त्यांचे मेव्हणे भाऊसाहेब, ज्यांची बाग नानांच्या बांधाला लागून, ते म्हणाले, "आन खोटं निघालं तर?" नाना ताडकन उठले. "इशारा खोटा निघाला तर खांब उपटून शेकोटीत घालीन, आन पुन्हा ह्या बैठकीत तोंड उघडनार नाय!" गावातल्या निम्म्या लोकांना तेव्हापासून मनातून वाटायचं, एखादा इशारा खोटा निघावा. नानांना मात्र ते शब्द फार लागून राहिले होते. फोनवर मला दर वेळी विचारायचे, "मॅडम, नक्की ना? माझी जीभ तुमच्या हातात हाय."

एकही इशारा खोटा निघाला नाही. साहेबांना मी पाठवायचे त्या अहवालात "यंत्रणा अत्यंत अचूक" असं ठासून लिहायचे. आता ही अचूकता कशी होती ते सांगते. पडद्यावर पट्टी ओली दिसली की मी आधी नानांच्या घरी फोन करायचे. तो उचलायची त्यांची मुलगी वैशाली. बी.ए. होऊन घरी होती. "थांबा मॅडम, बघून येते," म्हणायची आणि रिसीव्हर तसाच ठेवून पळायची. मी कान लावून बसायचे. कोंबड्या ऐकू यायच्या, नानांचं कुणावर तरी ओरडणं ऐकू यायचं. मग ती धापा टाकत यायची. "खालच्या अंगाला ओलं हाय, वरच्या अंगाला वाळलं." कधी म्हणायची, "पट्टीवर पाखरू बसून घान करून गेलंय, पुसली मी." मग मी इशारा पाठवायचे किंवा पाठवायचे नाही. आमच्या साहेबांना आणि नानांनासुद्धा वाटायचं, सगळं मशीन करतंय. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

वैशालीचं लग्न ठरलं ते तुळशीच्या लग्नानंतरचं, म्हणजे ऐन फुलोऱ्यातलं. मुलगा निफाडकडचा, त्यांचीही द्राक्षंच. पत्रिका द्यायला नाना स्वतः ऑफिसात आले. पत्रिकेत 'प्रमुख उपस्थिती'खाली आमदारांनंतर माझं नाव छापलं होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'डावणी विभाग, नाशिक'. असा विभाग जगात कुठे नव्हता, पण मला आवडलं. आईने ती पत्रिका नंतर कित्येकांना दाखवली.

लग्नाच्या दिवशी सकाळी ऑफिसात डोकावून मगच निघायचं ठरवलं होतं. पडदा उघडला आणि खुर्ची ओढून बसले. दमटपणा चढलेला, पट्टी उजाडायच्या आधीपासून ओली ती ओलीच. फोटो उतरायला लागला. वर पांढरं, मध्ये पांढरं, खाली पांढरं. धुकं! फुलोऱ्यात धुकं म्हणजे डावणीला पाटावर बसवून वाढल्यासारखं.

घरचा फोन कुणी उचलेना, म्हणून नानांचा मोबाइल लावला. मागे सनई कोकलत होती. कुणीतरी ओरडून विचारलं, "वऱ्हाडाची गाडी कुठवर आली?" हे गुरुजी, गावातले निवृत्त शिक्षक. गावातल्या प्रत्येक लग्नात माइक त्यांच्याकडे, आणि नानांनी आपला मोबाइलही त्यांच्याच हवाली केला होता.

"गुरुजी, मी मशीनच्या मॅडम. वैशालीला जरा फोन द्या."

"अहो, नवरी आहे ती!" मी जणू काही अभद्रच बोलले. "तुम्ही या जेवायला." फोन बंद.

आता काय करायचं? पट्टी सांगतेय, फोटो सांगतोय. मी इशारा पाठवून दिला. 'डावणीचा धोका. पाने ओली. आजच फवारणी करावी.' मग मोतिया रंगाची साडी नीट केली, आहेराची पिशवी स्कूटरला अडकवली आणि निघाले.

म्हसरूळ गेलं, ढकांबे गेलं, धुक्याचा पत्ता नाही. लख्ख ऊन. मनात शंकेची पाल चुकचुकली, पण म्हटलं सखल भागात असेल. गावाच्या फाट्यावर वळले तर समोरून ट्रॅक्टरच ट्रॅक्टर! प्रत्येकामागे फवारणीची टाकी आणि चालवणारे सगळे लग्नाच्या कपड्यांत. कुणी सफारीत, कुणाच्या डोक्यावर फेट्याचा तुरा वाऱ्यावर उडतोय. एकाने मला ओळखलं आणि न थांबता ओरडला, "बरं झालं सांगितलं मॅडम! तुमी जेवून घ्या!"

मांडवात बायकांची बाजू गच्च आणि पुरुषांच्या बाजूला रिकाम्या खुर्च्या. नवरदेव स्टेजवर एकटाच बसून रुमालाने वारा घेत होता. नानांच्या बहिणीने, म्हणजे वैशालीच्या आत्याने, मला पाहिलं आणि हात जोडले. "बाई, काय पाठवलं हो तुमी?" गुरुजींच्या हाती मोबाइल, मोबाइलवर निरोप, आणि हातात आलेलं काहीही माइकवर वाचल्याशिवाय गुरुजींना चैन पडत नसे. माजी सरपंचांचं स्वागत करता करता त्यांनी त्याच सुरात डावणीचं स्वागत केलं. पुढच्या क्षणी पुरुष उठले. सगळ्यात आधी उठले भाऊसाहेब. भाऊसाहेब म्हणजे नवरीचे सख्खे मामा, आणि मामाने हात धरून आणल्याशिवाय नवरी मांडवात येत नाही. मुहूर्त टळायला आला होता.

नवरदेवाचे वडील तरातरा माझ्याकडे आले. "ही काय पद्धत झाली? मुलीचा मामा पळून जातो?" मी काही बोलणार तोच त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, हे निफाडला बी लागू हाय का?"

नाना मात्र खुशीत होते. केशरी फेटा, कपाळाला कुंकू. "बघितलं का मॅडम? एका मेसेजवर गाव उठलं! हाय का कोनाची टाप?"

मी म्हटलं, आधी खांब बघते. मांडवामागेच बागेची कड होती. तिथे पोचले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आचाऱ्याने भट्ट्या थेट आमच्या कॅमेऱ्याखाली मांडल्या होत्या. भाताचं भलंमोठं पातेलं रटरटत होतं आणि त्याची सगळी वाफ काचेवर. हेच माझं धुकं! आणि पट्टीवर, आमच्या त्या खोट्या पानावर, भात झाकायचं ओलंचिंब फडकं छान चार कोपरे ओढून वाळत घातलेलं.

"अहो, हे काय केलंत?"

आचारी पळी हलवत शांतपणे म्हणाला, "खांब बेताच्या उंचीचा हाय बाई. रातच्याला धुतलं तवापास्नं घातलंय, पन ही वाफ काय वाळू देईना."

मी फडकं ओढून काढलं आणि त्याला नाशिकच्या भाषेत जे काही येतं ते सगळं ऐकवलं. प्रमुख उपस्थितीला ते शोभलं नाही, पण राहवलं नाही. मागून नाना आले होते. त्यांनी फडकं पाहिलं, भट्टी पाहिली, आणि काही न विचारता पालथ्या घातलेल्या एका पातेल्यावर बसले. फेट्याखालचं तोंड एवढंसं झालं.

"म्हंजे खोटा निघाला," ते म्हणाले. "आन आख्खं गाव फवारतंय." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मॅडम, आज पोरीचं लगीन. आज तरी माझं तोंड बंद करू नका."

मला फार वाईट वाटलं. या माणसाने माझ्या शब्दावर गाव उठवलं होतं, आणि तेही व्याह्यांसमोर.

नवरीची खोली मागच्या बाजूलाच होती. खिडकीतून आवाज आला, "मॅडम, मला का नाय विचारलं?" वैशाली. हिरवा चुडा, मुंडावळ्या, अंगावर शालू.

"विचारत होते, पण तुला फोनच देईनात."

"काल हळद लागल्यापास्नं मला उंबऱ्याभायेर पाऊल टाकू देत नाय. नायतर सकाळीच फडकं काढून फेकलं असतं." आणि मग नेहमीच्या स्वरात म्हणाली, "थांबा. बघून येते."

आत्या किंचाळलीच. "अगं, हळदीच्या अंगानं बागंत? काय बी बाधा व्हईल!"

"आत्या, मामा येईस्तोवर मी इथं बसून काय करू? तू चल संगं."

आत्याने देवाचं नाव घेतलं, भाजी चिरणाऱ्या बाईच्या हातातला विळा हिसकावला, कारण हळदीच्या पोरीजवळ लोखंड हवं, आणि निघाली. अशी ती वरात बागेत शिरली. पुढे शालू खोचलेली नवरी, मागे विळा उगारलेली आत्या, त्यांच्यामागे मी साडी सांभाळत आणि सगळ्यांत शेवटी नाना. वैशाली नेहमीसारखी वाकून पानं खालून उलटी करून बघत चालली होती. मुंडावळ्या वेलींना अडकत होत्या, त्या ती एका हाताने सोडवायची.

"कोरडी हायेत," ती म्हणाली. "ही बी कोरडी. मॅडम, तुमचं मशीन साफ खोटं."

नानांनी मान खाली घातली. पण ती थांबली नाही. उतारावरून खाली नाल्याच्या अंगाला गेली, जिथे नानांची बाग संपते आणि मामांची सुरू होते. तिथे ती खाली बसली, एक पान तोडलं आणि उन्हापुढे धरलं. मग हाक मारली. आम्ही गेलो. पानावर तेलाचा डाग पडलेला. उलटं केलं तर खालून पांढरं. शेजारच्या वेलीवरही तेच.

"हे आजचं नाय," वैशाली म्हणाली. "चांगलं आठवड्याभरापूर्वी शिरलेलं हाय. मी खरेदीत, तुमी पत्रिका वाटण्यात. नाना, मशीन हाय म्हणून तुमी बागेत यायचंच सोडलं का हो?"

नाना वाकून शेजारच्या वेलीची पानं उलटी करायला लागले. खरं तर तो प्रश्न मलाही लागू होता. आमचा खांब वरच्या कोरड्या अंगाला. खाली दव साचून डावणी शिरली तेव्हा तो गप्प होता, माझा पडदा हिरवागार दाखवत होता, आणि मी पडद्याकडे बघून निवांत चहा पीत होते. बोंबलला तो नेमका भाताच्या फडक्यापायी. पण त्या बोंबेने मंडळी फवारायला धावली होती, ही गोष्ट खरी.

एवढ्यात पलीकडून फटफट करत भाऊसाहेब आले. फवारायची पावडर पिवळी, आणि घाईत वाऱ्याची दिशा कोण बघतो? फेट्यापासून बुटापर्यंत माणूस पिवळाधमक. बागेत नवरी बघून ते ट्रॅक्टरवरून पडायचेच बाकी होते.

"मामा," वैशालीने पान नाचवलं, "ह्या कोपऱ्यात अजून एक हात मारा, पुढं तरी पसरायची नाय, आन मग मला मांडवात न्या."

मामांनी पान बघितलं, चेहरा गंभीर झाला. मुकाट्याने कोपरा पुन्हा फवारला आणि तसेच भाचीला घेऊन मांडवात आले. बायकांत हशा उसळला, "अगं बाई, मामालाबी हळद लागली!" मुहूर्त जेमतेम सापडला. त्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरीपेक्षा मामा पिवळा आहे.

अक्षता पडल्या, तोवर बाकीचेही परतले होते. नानांनी गुरुजींच्या हातून माइक घेतला. मला वाटलं आभार मानतील. त्यांनी सगळं सांगितलं. फडकं, वाफ, इशारा खोटा, आणि नाल्याच्या कडेला डावणी मात्र खरी, तेव्हा प्रत्येकाने आपापली सखल बाजू स्वतः जाऊन बघावी, हेही सांगितलं. "मी शब्द दिल्ता," ते म्हणाले, "उद्या खांब उपटतो, आन पुन्हा बैठकीत..."

"खांब ऱ्हाऊ द्या दाजी," पिवळे भाऊसाहेब पहिल्या रांगेतून ओरडले, "तोंडाचं तेवढं बघा!"

सगळा मांडव हसला, व्याहीसुद्धा. नाना आधी बावरले, मग तेही हसायला लागले आणि फेट्याच्या शेवाने डोळे पुसले. खांब राहिला. तोंडही राहिलं, ते काय थांबणार होतं!

पुढे आमची यंत्रं सुधारली. गावोगाव खांब झाले, इशारे माझ्याही हाताखालून न जाता परस्पर शेतकऱ्यांच्या मोबाइलवर जायला लागले. प्रगतीच ती, मी कशाला नाकारू? पण "थांबा, बघून येते" म्हणणारं माणूस त्या सगळ्यातून गळालं, आणि त्याची खंत मला आहे. साहेबांना ती कधी समजावून सांगता आली नाही.

त्या दिवशी पाठवणीच्या वेळी वैशाली सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्यापाशी आली तेव्हा हुंदके देत म्हणाली, "मॅडम, नाना हो म्हनतील आन जानार नाय. तुमी फोन धरून बसत जा."

काही दिवसांनी पट्टी पुन्हा ओली दिसली. मी फोन लावला. नानांनी उचलला. नेहमीचं भाषण नाही, काही नाही. म्हणाले, "थांबा. बघून येतो." रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. कोंबड्या ऐकू आल्या, पण कुणावर ओरडणारं कुणी नव्हतं. मी धरून बसले. इतका वेळ गेला की मला वाटलं, गेले नाहीत, ओट्यावर बसून राहिले असतील. मग पावलं वाजली.

"खालच्या अंगाला ओलं हाय, मॅडम. वरच्या अंगाला वाळलं."

"नाना, खरंच गेला होता ना?"

"गेल्तो ना." मग म्हणाले, "तिच्या बागंतल्या चपला बांधावरच ऱ्हायल्यात हो. घेऊन आलो."

पलीकडे चपला खाली ठेवल्याचा आवाज आला. नाना म्हणाले, "पाठवा मॅडम मेसेज. गाव वाट बघतंय."

मी पाठवला.